दोन रकाने

वाळपईच्या आरोग्यकेंद्रात मी केसपेपर लिहितो.
एकतीस वर्षं झाली. पुढच्या शिगम्यानंतर निवृत्त.
कागदावर दोन रकाने असतात,
डावीकडे लक्षणं, उजवीकडे चिन्हं.
मी दोन्हीत तेच लिहायचो,
इकडे ताप, तिकडे ताप,
आणि कुणाचं काही अडलं नाही.

मग कुडचड्याहून डॉक्टर लविना फुर्तादो आल्या.
म्हणाल्या, गावसबाब, हे एक नव्हे.
आंग कढत लागतं असं माणूस सांगतो, ते लक्षण.
पारा एकशे दोनवर जातो, ते चिन्ह.
एक त्याचं त्यालाच ठाऊक,
दुसरं आपल्याला दिसतं, त्याला दिसो न दिसो.

मी म्हटलं, बाई, आमच्या भाषेत उलटं चालतं.
पोराची लक्षणं ठीक नाहीत, हे शेजारी सांगतो,
पोर बापडं काही बोलत नाही.
आणि चिन्ह म्हणाल तर ते मतपत्रिकेवर.
त्या हसल्या.
पण रकाने दोनच ठेवले.

एप्रिलात हिवऱ्याची आनंदी माजीक आली,
काजूच्या बागेतून, तशीच.
शिकाऊ डॉक्टरने तिचे हात पाहिले आणि
उजवीकडे लिहायला सांगितलं :
बोटांची टोकं काळी.
मी लिहिलं नाही.
म्हटलं, हा बियांचा डीक आहे,
मिरगापर्यंत जाईल आपसूक.

ती म्हणत होती,
काळजार फातर दवरिल्ले वरी दिसता.
नाडी ठीक. दाब ठीक. छाती साफ.
पट्टीवर हृदयाच्या रेघा शहाण्या पोरांसारख्या ओळीत.
मी पेन बंद करायला लागलो
तर डॉक्टर म्हणाल्या, लिहा.
उजवा रकाना रिकामा आहे
म्हणून बाई खोटी होत नाही.
मी लिहिलं, तिच्याच शब्दात. फातर.
दगड लिहिलं असतं तर हलका झाला असता.

हे सगळं मी सांगतोय
कारण गेल्या सोमवारी
डॉक्टर माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या,
नोंदवही चाळत.
जानेवारीचं पान. मार्चचं. ऑगस्टचं.
मला वाटलं हिशेबात काही चुकलं.
गावसबाब, त्या म्हणाल्या, तुमचं अक्षर बारीक होत चाललंय.
कागद वाचवतो, मी म्हटलं.
दारापर्यंत चालून दाखवा.
चाललो. परत आलो.
उजवा हात झुलत नाही तुमचा.

बायको हेच म्हणाली होती गणपतीत,
हल्ली साहेबासारखे चालता.
मला बरं वाटलं होतं.

काही त्रास?
नाही.
कंप? कडकपणा? झोप?
काही नाही, बाई, खरंच काही नाही.
त्यांनी नवा केसपेपर घेतला,
पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने माझं नाव घातलं,
उजवीकडे तीन ओळी लिहिल्या,
वर बांबोळीचा पत्ता, न्यूरोलॉजी, गुरुवार.
डावीकडे काहीच नाही.
एकतीस वर्षांत असा कागद पाहिला नव्हता :
सगळं दिसतंय,
आणि ज्याचं आहे तो म्हणतो, मी बरा आहे.

काल बसमध्ये
हात खिशात घालून बसलो,
कुणी वाचू नये म्हणून.
होंड्याला कागद काढला, मांडीवर ठेवला.
डावा रकाना तसाच.
तो भरायचा हक्क माझा, हे त्यांनीच शिकवलेलं.
पेन काढलं. ठरवून मोठ्या अक्षरात लिहायला घेतलं,
फातर.
फा ठळक आला, ओळभर उंच.
त त्याच्या खांद्याला.
र मलाच दिसेना.