रकाना क्रमांक सात

गुणवत्ता कक्षाकडून फॉर्म आलाय.
रकाना सात : चालू शैक्षणिक वर्षात
अध्यापनात राबवलेला नवोपक्रम, शंभर शब्दांत.
पुरावा जोडावा. फोटो जिओटॅगसह.

जूनच्या अखेरीस स्मार्ट बोर्ड बसला.
खोक्यात दोन दिवस कुत्रीची पिल्लं झोपली,
मग शिपाई सिद्रामनं खोका घरी नेला.
मी संभाव्यता रंगीत केली.
फासे आपोआप पडू लागले,
घंटेसारखा वक्र निळा होऊन फुगू लागला.
पडदे ओढले, दिवे घालवले,
केगावच्या माळावरचं ऊन दाराबाहेर उभं राहिलं
आणि सगळे म्हणाले, मॅडम, भारी!

सगळे म्हणजे एकोणचाळीस.

अंबादास गड्डम, हजेरी क्रमांक अकरा, पहिला बाक.
गेल्या सत्रात वीसपैकी सतरा.
या वेळी तीन.
नियमाप्रमाणे मी त्याचं नाव
'संथ अध्ययनार्थी' या यादीत टाकलं,
जादा तास लावला,
त्याच खोलीत, तेच पडदे ओढून,
तेच फासे.

मार्गदर्शक भेट, गुरुवार, साडेतीन.
छापील प्रश्न तीन : घरची परिस्थिती? ताणतणाव? व्यसन?
त्यानं तिन्हींपुढं 'नाही' लिहिलं.
परिस्थिती : नाही.
मी खिडकी लावायला उठले, लावता लावता विचारलं,
रात्री काय करतोस रे?
उत्तर नाही.
पुन्हा विचारलं. उत्तर नाही.
चिडून वळले
तर तो माझ्या ओठांची वाट बघत बसलेला.

बारावीपासून रातपाळी. अक्कलकोट रोड, टॉवेलचा कारखाना,
पत्र्याच्या एका शेडखाली सोळा माग.
तिथं कानानं कुणी बोलत नाही.
जॉबर 'चहा' म्हणतो ते ओठांवर दिसतं,
धागा तुटला की बोट दिसतं.
त्याचे वडील घरीसुद्धा तसंच बोलतात,
बिनआवाजी तेलुगू.
आई रागावली की हा डोळे मिटून घेतो.

"दिवा घालवला की तुमी दिसंना झालाव, मॅडम.
अन् दिसलं नाय की मला ऐकूच येईना."

बावीस वर्षं मी फळ्याशी बोलत आले.
किती पोरांना
माझी पाठच पाठ झाली असेल.

सिव्हिलमध्ये कान तपासले. दोन खेपा, एक संप, एक बंद मशीन.
दाखल्यावर अठ्ठावीस टक्के.
सवलतीला चाळीस लागतात.
म्हणजे बारा टक्क्यांनी
तो धडधाकट आहे.

आता तासाला दिवे चालू असतात.
स्मार्ट बोर्ड उन्हात धुतल्यासारखा फिका दिसतो.
मी वर्गाकडे तोंड करून बोलते
आणि माझ्यामागं लावण्या इप्पाकायल लिहिते.
घरी आईबरोबर हजार विड्या वळणारी बोटं,
माझ्या वाक्याआधी तिचं उत्तर तयार.
परवा माझी चूकसुद्धा
तिनं न विचारता पुसली.

अंबादासला चाचणीत अकरा.
सतरा नाहीत. रातपाळी आहेच.
शेवटच्या बाकावरची दोघं अजून झोपतात,
त्यांचं काय ते मला अजून विचारायचंय.

रकाना सातमध्ये मी लिहिलं : मी वळले.
फॉर्म परत आला.
अठ्ठ्याण्णव शब्द कमी. पुरावा नाही. तंत्रज्ञानाचा उल्लेख नाही.

म्हणून काल सिद्रामनं फोटो काढला.
मी वर्गापुढं उभी, खडू हवेत, तोंड अर्धवट उघडं,
अगदी येडछाप.
म्हटलं, पुसून टाक.
अंबादासनं मोबाईल हातात घेतला,
जवळ धरला, थोडा लांब धरला.

"राहू द्या की.
'समजा' म्हणालालाव तुमी इथं."