पैकी

आमच्या जिल्ह्यात काही वाड्यांना स्वतःचं पुरतं नाव नसतं.
मोठ्या गावाच्या शेपटाला बांधलेल्या असतात त्या,
मधे एक शब्द, दाव्यासारखा: पैकी.
आंबर्डेपैकी गवळणखोल.
गवळणखोलपैकी धनगरवाडा.
उंबरे अठरा, मतं एकसष्ट,
ओढा एक.

त्या ओढ्याला मी सोळा वर्षं ओळखते,
म्हणजे फायलीत.
पहिल्यांदा टेबलावर आला तेव्हा नऊ मीटर रुंद होता.
पुढच्या अंदाजपत्रकात अकरा,
त्याच्या पुढच्यात साडेआठ.
मगदूम साहेबांना विचारलं, तर म्हणाले,
बाई, ओढा तोच आहे, टेप बदलली.

एकतीस मार्चला नागाळा पार्कातलं आमचं ऑफिस
लग्नघरासारखं रात्रभर जागं.
भडंगाचे पुडे, साय धरलेला चहा,
प्रिंटरपाशी बिलं छातीशी धरून ठेकेदार.
साडेअकराला वरून निधी उतरतो,
बाराला परत जातो.
अर्ध्या तासात काय बांधून होतं?
पेव्हिंग ब्लॉक होतात.
स्वागत कमान होते.
हायमास्ट होतो, आहे त्या हायमास्टच्या शेजारी.
साकव होत नाही.
साकवाला वनखात्याचा ना-हरकत दाखला लागतो,
दाखल्याला साहेब लागतो,
आणि साहेबांची नुकतीच बदली झालेली असते.

उरलेल्या रकमेपुढं मी लिहिते:
निधी समर्पित.
देवळातला शब्द.
पुस्तकाच्या पहिल्या पानावर आईवडिलांसाठी असतो तो.
इथं कुणाला समर्पित
असा रकाना नाही.

बमू झोरे वर्षातून एकदा येतात.
ऑगस्टात नाही. ऑगस्टात येता येत नाही,
अर्जच मुळी तेवढ्यासाठी आहे.
पाणी उतरलं की येतात,
काठी दाराबाहेर भिंतीला टेकवतात.
"काय बाई, आमचा साकव कुठवर आलाय?"
मी स्क्रीन त्यांच्याकडं वळवते.
नातवाचं प्रगतिपुस्तक बघावं तसं
त्यांना न वाचता येणारं ते बराच वेळ बघतात.
एकदा म्हणाले,
"आकडा खालीवर हुतोय न्हवं? म्हंजे जित्ता हाय."

गेल्या डिसेंबरात मी रजा टाकली.
आंबर्ड्यापर्यंत एसटी, पुढं पायी.
ओढ्यावर जांभळाचे दोन ओंडके,
वेलांनी आवळलेले,
धरायला एक तार.
आशाताई यमुना लांबोर
लसीचा निळा डबा पाठीला बांधून
बोलत बोलतच पलीकडं गेली.
"उजवा वंडका हलतोय, डाव्यानं या."
पर्समध्ये मी टेप नेली होती.
तिनं पलीकडचं टोक धरलं.
दहा मीटर, वीस सेंटिमीटर.
तो आकडा मी कुठंच लिहिला नाही.
तो लिहायचा अधिकार माझा नाही.

श्रावणात ओंडके वाहून जातात,
दसऱ्याला नवे पडतात.
उंबऱ्यामागं एक माणूस, एक दिवस.
कोयत्यांना धार, संध्याकाळी झुणका-भाकरी.
परत येताना एसटीत
सवयीनं बेरीज मांडली:
खर्च शंभर टक्के,
अखर्चित निरंक,
लेखाशीर्ष नाही.

यंदा बमू झोरे आले तेव्हा
त्यांच्या आधी मीच विचारलं,
तार बदलली का? गंजली होती.
"बदलली की.
भंगारवाल्याकडनं आणली, किलोवर.
तुमच्याच हापिसाच्या कंपाउंडची हाय म्हनला त्यो."
मी खिडकीबाहेर बघितलं.
कंपाउंडला नवी जाळी होती,
मार्चमधली.
त्याचं बिल माझ्याच हातून गेलं होतं.

मग त्यांनी काठी भिंतीला टेकवली,
मी स्क्रीन वळवली.