मीटर क्रमांक २१८७०७८९

बाराखोलीच्या गल्लीत, जिन्याखाली,
कूलरच्या टाकीला खेटून होता तो मीटर.
मी रीडिंग घ्यायला जायचो.
शंभरकर सर मात्र त्याच्या कपाळावरचा नंबर वाचायचे,
हजेरी घेतल्यासारखा:
दोन कोटी अठरा लाख सत्तर हजार सातशे एकोणनव्वद.
“युनिट तर रोज बदलते बाप्पा,
हा बदलत नाई. याच्याशी बोलत जा.”

मार्चात त्यांनी तीन काढला.
अंकांची बेरीज बेचाळीस, तीनने जाणारच.
पण बेचाळीसने काही जाईना,
म्हणून हर्षद नव्हे.
एप्रिलात सतरा निघाला. पारा त्रेचाळीसवर गेला त्या दुपारी
नेमका त्रेचाळीसही.
उरला नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर,
तो फुटेचना.
सर जूनभर ठोकत बसले,
सात, अकरा, तेरा, पार सत्त्याण्णवपर्यंत,
बिलांच्या पाठकोऱ्या बाजूंवर.
“मूळ आहे,” म्हणाले. “चार अंकीतला शेवटला.
याच्यापुढे या गल्लीत घर नाई.”

एकूण विभाजक सोळा.
तो स्वतः सोडून पंधरांची बेरीज
सत्त्याण्णव लाखांवर दम टाकते,
निम्म्यालाही पोचत नाही.
अशा संख्येला न्यून म्हणतात.
“कोन न्यून?” बाईंनी आतून विचारलं.

अंकांचे वर्ग करा, बेरीज करा, पुन्हा वर्ग, पुन्हा बेरीज,
एकावर पोचली तर संख्या आनंदी.
ही तीनशे बारा, चौदा, सतरा, पन्नास करत जाते
आणि एकोणनव्वदला अडकते;
मग एकशे पंचेचाळीस, बेचाळीस, वीस, चार,
सोळा, सदतीस, अठ्ठावन्न, परत एकोणनव्वद.
रात्री तीन नल चौकात
सवारी न मिळालेला ऑटो फिरतो तशी.
दोनाच्या लिपीत लिहिली तर पंचवीस घरं, तेरा एक.
एक विषम भरले की तिला नावडती म्हणायचं,
असं सर म्हणाले. कोणी ठरवलं, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

“एवढी नावं कोणाच्या लेकराले ठेवू नये,” बाई म्हणाल्या.
सर बराच वेळ पेन्सिल तासत राहिले.
“पण पाह्य, एकही गुणक यात दुसऱ्यांदा येत नाई.
वर्गमुक्त हाय.”

नवा मीटर आपला आकडा आपणच पाठवतो.
आता मला यायचं कारण नाही, हे मी सांगितलं नाही,
त्यांनी विचारलं नाही.
मोतीबिंदूची पट्टी होती डोळ्यावर,
म्हणून नवा नंबर मी वाचून दाखवला.
शेवटी सहा.
“सम,” ते हिरमुसले. “पह्यल्याच घावात फुटते.”

पोत्यात चाळीस जुने मीटर घेऊन
सदरच्या स्टोअरला गेलो.
कारकून नंबर लिहायचा, पुढे शेरा: निकामी.
निकामी. निकामी.
एकवीस सत्त्याऐंशी शून्य सात एकोणनव्वद आला
तेव्हा मी म्हटलं, वर्गमुक्त लिहा.
त्याने चष्म्यावरून पाहिलं
आणि पुढचा नंबर विचारला.