काठाखालचं बटण

तांडापेठेत, विणकर सोसायटीच्या बंद गोदामाला लागून
माझं दुकान. साडेसहा बाय आठ.
दोन स्टूल, झेरॉक्सचं मशीन,
आणि एका शाळेच्या लिलावात नऊशेला मिळालेला मॉनिटर,
चौकोनी, बसक्या नाकाचा.
सरकारची खिडकी त्याच्यात मावत नाही.

नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांचा महिना,
हयातीच्या दाखल्याचा.
यादवराव हेडाऊ मफलर सोडत आत येतात :
"मले आजच जिवंत करून दे वं पोरी,
उद्या उमरेडले जा लागते."

नाव. खातं. पेन्शनचा लांबलचक नंबर.
पुनर्विवाह केला आहे का?
"आता कोन देते," म्हणतात, आणि खोकेपर्यंत हसतात.
मग बोट. यंत्र बोट घेत नाही.
आधी घरचा हातमाग, मग मिल,
सूत जाता जाता रेषा घेऊन गेलं.
अंगठा नाही, तर्जनी नाही,
चौथ्यांदा डावी करंगळी लागते.

सगळं भरून झालं
आणि "जमा करा" कुठेच नाही.
खिडकी पडद्याच्या खाली उतरत गेलेली,
टेबलाच्या खाली,
माझ्या चपला आहेत तिथे कुठेतरी असेल ते बटण.
सरकवायची पट्टी दिलेली नाही.
माउसने धरून वर ढकलावी
तर डोकं आधीच छताला टेकलेलं.

आल्ट दाबून ठेवायचा, सोबत स्पेसबार.
एक इवलीशी यादी उघडते. मग एम.
मग वरचा बाण, दाब, दाब, दाब.
हे मला हितेश निमजेनं शिकवलं,
जो आता पुण्यात दोन-दोन पडद्यांसमोर बसतो
आणि फोनवर म्हणतो,
नवा घेऊन टाक ना बे.

खिडकी चढू लागते.
आधी मथळा जातो, मग सरकारी शिक्का,
मग यादवरावांच्या फोटोतलं कपाळ,
मग डोळे,
मग
"अवं, माहं नाव कुठी चाललं?"

"वर आहे काका. दिसत नाही फक्त."

ते गप्प होतात.
मग पोटापाशी, हवेत,
दोन्ही हातांनी काहीतरी फिरवतात, जड, लाकडी.
"तुरावर गेलं म्हन ना मंग.
नऊवारी लुगडं इनतानी हातभरच दिसते,
बाकीचं गुंडायलेलं ऱ्हायते, आपल्याच पोटापाशी.
मी माया मागावर एकबी लुगडं
पुरं नाही पायलं.
पायलं ते इतवारीत.
लोकाइच्या अंगावर."

मी बाण दाबत राहते.
त्यांचा पत्ता जातो, जन्मतारीख जाते,
करंगळीचा हिरवा टिकमार्क जातो,
आणि खालून येतो राखाडी पट्टा, त्याच्यावर दोन बटणं
खेटून बसलेली : रद्द करा. जमा करा.

"काठ आला," यादवराव म्हणतात.

मी श्वास धरून क्लिक करते,
दोघांमध्ये बोटभर अंतर नाही.

कागद निघतो, कोमट.
ते नावावरून बोट फिरवतात, एकदा, पुन्हा एकदा,
यंत्राला न दिसलेलं तेच बोट.
तीस रुपये होतात. पंचवीस देतात.
"पाच पुढच्या वर्षी," म्हणतात, आणि
मफलर बांधायला बराच वेळ लावतात.

खिडकी तिथेच राहते, वर अडकलेली.
कौतिकाबाई नंदनवार स्टुलावर बसतात, चष्मा पुसतात,
पडद्याकडे बघून दचकतात :
"हे असं बिनडोक्याचं काहून हाय वं?"

आल्ट, स्पेसबार, एम.
खालचा बाण, मोजून चौदा वेळा.
मॉनिटर घ्यायचाच आहे, दिवाळीलाच घेणार होते.
पण आधी त्यांना त्यांचं नाव दाखवते.
बटण कुठे आहे
ते आता माझ्या बोटांना माहीत आहे.