साठावरून दहावर

माझगावच्या गल्लीत इग्नेशियसने
जुन्या डिस्क काढून पोराच्या हातात दिल्या:
कडेला नखभर धार, मधे खोलगट,
घासून घासून पातळ झालेल्या ताटल्या.
नव्यांवरचं तेल दोनदा पुसलं,
वर बोट लावू दिलं नाही.

"आज रात्रीच बसवून घे. साठावरून दहा. दहा वेळा.
मधे पूर्ण थांबायचं नाय.
तापलेल्या डिस्कवर पाय दाबून उभा राहिलास
तर पॅडचा ठसा उमटतो,
मग बस आयुष्यभर थरथरत."

पावणेतीनला शिवडीच्या गोदामांमागे
मी आणि शर्वाणी.
ती मोजत होती. चार. पाच.
दुपारच्या त्या फोननंतर
आमच्यात एवढंच बोलणं, आकडे.
सातव्याला वास आला,
कुणीतरी इस्त्री चालू ठेवून गेल्यासारखा.
खिडकी तिने उघडली, मी नाही.

नवव्याला पुलाच्या चढावर
ट्रेलर आडवा.
थांबावंच लागलं.

"पाय काढ," ती म्हणाली.
काढला.
हँडब्रेककडे गेलेला माझा हात
तिने मधेच अडवला.

मागे कुणी नव्हतं.
गाडी बोटबोट मागे सरकत राहिली,
तिचा हात तिथेच.

दहावा राहूनच गेला.