कंसातलं खाजन

शेवटची फेरीबोट रायबंदरला लागली
की चोडण खरोखरचं बेट होतं.
मी पडवीत, मांडीवर जुना लॅपटॉप,
त्यावर लिनक्स, स्पेसची कळ अर्धी अडकलेली.

बाबांना हवंय मानशीचं वेळापत्रक:
दारं कधी उघडणार, जाळं कधी लावायचं.
चाळीस वर्षं ते तिथीवरून बोटांवर मोजतात,
आता गुडघे म्हणतात, उगाच आधी जाऊन बसायला नको.

भरतीची गणितं करणारं एक पॅकेज सापडलं,
कुणा म्हाताऱ्याने लिहिलेलं. त्याला नम्पाय जुनाच लागतो,
कायतानकाकाला कसा एकाच गिरणीचा उकडा तांदूळ लागतो तसा.
मशीनला मात्र नवा.
मी पिपला हुकूम दिला. पिप म्हणाला,
इथली व्यवस्था दुसऱ्या कुणाकडे आहे.
अगदी कोमुनिदादच्या पाटीसारखं.
आणि खाली चोरवाटही दाखवली:
हवं तर सिस्टिम मोड, पण मग तुझं तू बघ.

मागच्या वर्षी मी त्या वाटेने गेले होते.
सकाळी डेस्कटॉप उघडलाच नाही,
काळ्या पडद्यावर एक चौकट नुसती लुकलुकत राहिली.
बाबा म्हणाले, शाणूने बांध फोडला तेव्हा असंच.
ही गोष्ट ते आवाज न चढवता सांगतात:
शाणूने रात्री कुदळ घातली, हातभर भोक,
कोळंबीसाठी खारं पाणी हवं होतं, स्वतःच्या चौकोनापुरतं.
पाण्याला चौकोन कळत नाही.
तीन पावसाळे कोरगूटसुद्धा उभं राहिलं नाही,
आणि कोरगूट म्हणजे मीठ खाऊन जगणारं भात.

म्हणून आज आधी बांध.
पायथन-तीन, डॅश-एम, व्हेन्व, नाव: खाजन.
मशीन अडलं, म्हणालं त्यासाठीचं सामान आधी आण.
आणलं. सुडो, पासवर्ड, पुन्हा तीच ओळ.
एक फोल्डर. मग सोर्स, बिनमधलं ॲक्टिव्हेट,
आणि ओळीच्या सुरुवातीला, माझ्या नावाच्याही आधी,
उगवलं: (खाजन).
जुना नम्पाय मुकाट्याने आला, बसला.
बाहेर कुणाची झोप मोडली नाही.

"म्हणजे आत वेगळी नदी?"
मी फोल्डर उघडून दाखवलं. आतला पायथन
नुसता बाण, बाहेरच्याकडे रोखलेला.
"नदी तीच," ते म्हणाले. "दार आपलं."
थोड्या वेळाने, "झिरपतं?"
"झिरपत नाही. पण बाहेरचा बदलला की बाण तुटतो,
सगळं पुन्हा लिंपावं लागतं."
तेव्हा कुठे त्यांनी लॅपटॉपकडे
माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

पिप फ्रीझने यादी काढली, अकरा ओळी,
नाव आणि आकडा, नाव आणि आकडा,
आई बियाण्याच्या मडक्यांवर खडूने लिहायची तशी.
हे मशीन मेलं तर दुसऱ्यावर हेच पेरायचं.

प्रोग्राम म्हणाला: तीन दहा.
टॉर्च घेऊन आम्ही दोघं बांधावरून गेलो.
तीन दहाला मानशीची दारं गच्च मिटलेली,
पलीकडून खाडी टेकून उभी.
मी फोनकडे पाहिलं, बाबांनी पाण्याकडे.
"मुरगावचा आकडा घेतलास ना?
तिथून पाण्याला इथवर चालत यावं लागतं."
त्यांनी विडी पेटवली, मग दुसरी.
तीन पन्नासला पहिलं दार कण्हलं,
जाळ्यात काहीतरी लखलखलं, बहुतेक सुंगटं.

घरी आल्यावर त्याच कंसात बसून
मी आकड्यापुढे लिहिलं: अधिक चाळीस.
आणि शेजारी, हॅशच्या खुणेनंतर,
जे मशीन वाचत नाही अशा जागी:
बाबांकडून.