उरलेला वायसर

खडखड सुरू झाली गेल्या जत्रेपासून.
आधी फक्त आरवलीच्या वळणावर, मग कुठेही,
मग उभ्या गाडीतही मला ऐकू यायला लागली.
पास्कू मेस्त्री म्हणाला, मागचो बंपर. खोल.
मी?
"मगे कोण, मी? माजी कमर बघलंस?"
आणि ऑइलचा डबा उलटा घालून त्यावर बसला.

बाबांची फियाट.
शिरोड्याच्या मिठागरावर सव्वीस वर्षं
बाबा आत गोणी मोजत होते
आणि बाहेर मीठ गाडी मोजत होतं.

डिकीतली स्टेपनी काढली, चटई काढली.
चटईखाली रेती, रातांब्याच्या बिया,
किल्लीशिवायचं एक कुलूप.
नटांना रात्रभर रॉकेल पाजलेलं.
पहिला लगेच वळला, वाटच बघत होता जसा.
दुसरा बोल्टसकट गरगर फिरत राहिला
सभेत हो ला हो म्हणणाऱ्यासारखा.
तिसऱ्याचे कोपरे झिजून पार रुपया झालेला,
त्याला छिन्नी लागली, आणि माझ्या अंगठ्याचं साल.
चौथा नव्हताच.

चौथ्याच्या जागी काथ्या.
सुंभाचे सात-आठ वेढे,
पत्तीतून बंपरात, बंपरातून पत्तीत,
आणि शेवटी ती गाठ
जी बाबा पार्सलांना मारायचे, माझ्या दप्तराला मारायचे,
एकदा शेजारच्या कुत्र्याच्या मोडक्या पायालाही.
बोट लावलं तर भुगा.
पीळ मात्र भुग्यातही दिसत होता.
"म्हण खोटी न्हय गो," पास्कू म्हणाला,
आणि उगाच पाने पुसत बसला.

"वढ आता. हळू. वायर —"
तोवर वायर तुटली होती.
नंबरप्लेटच्या दिव्याची, एवढीशी, पिवळी.

बंपर निघाला आणि गाडी
कवळी काढलेल्या माणसासारखी बघायला लागली.
पांढरा रंग बाबांनी मारून घेतला माझ्या लग्नाआधी.
बंपराने झाकलेल्या पट्टीत रंगाऱ्याचा हात पोचला नव्हता:
तिथे फिकट पोपटी.
म्हणजे या रंगाच्या गाडीत मी बसलेय,
पुढे उभी राहून, डॅशबोर्डला धरून.
मला आठवत नाही.
मला पांढरीच आठवते.

दुपारभर घासला. गंज पोह्यांसारखा पडला.
रेडऑक्साइड मारून चिऱ्यांवर वाळत टाकला,
त्यावर एक कावळा बसला नि लाल पायांनी उडाला.

चढवताना दुसरं टोक पास्कूच्या सुनेने धरलं,
सेवरीनने, एका हाताने.
दुसऱ्या हातात मोबाइल, त्यात कुवेतचा नवरा
विचारत होता, कसला आवाज येतोय.
"चारय आधी नुसते लाव. आवळू नको.
एक आवळलंस काय तीन रुसतले."
तीन लागले. चौथं भोक अर्ध्या बोटाने चुकलेलं,
जन्मापासून चुकलेलं असणार,
तेव्हाच तर काथ्या.
पास्कू डब्यावरून उठला,
कमरेला हात लावून, आईमाईवरून काहीतरी पुटपुटत,
भोकात पेचकस घालून त्याने गुडघा टेकला.
"आता."
बोल्ट गेला.
मग आवळले, आडवेतिडवे, थोडे थोडे,
आणि काथ्याच्या जागी जुन्या ट्यूबचा तुकडा.

जमिनीवर एक वायसर उरला.
सगळीकडे बघितलं. सगळीकडे वायसर होते.
"एक उरताच गो," पास्कू म्हणाला,
"गाडयेक नको असता तो."

रेडीपर्यंत जाऊन आले.
बंपर गप्प.
आता डाव्या दाराची काच वाजते,
ती आधीपासूनच वाजत असणार.
खिशात टोचत होता म्हणून
सिग्नल नसलेल्या तिठ्यावर थांबून
वायसर टाकायला अॅशट्रे ओढला.
बाबा सिगारेट ओढत नव्हते.

आत तीन वायसर होते.